वारी आणि वजन

पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्याला पाहून शेजारीपाजारी हमखास म्हणतात, "किती वाळलात हो!" आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरी पोचते. एवढे चालल्यावर वजन झपाट्याने उतरत असणार, असा आपला समज असतो. परंतु हिशेब मांडला तर निराळेच चित्र दिसते.

सपाट वाटेवर चालताना, स्वस्थ बसण्यापेक्षा, शरीराच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण अर्धा उष्मांक जादा खर्च होतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला २५० किलोमीटरसाठी ७,५०० उष्मांक लागतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. दिवेघाटाची चढण थोडी भर घालील. तरी साऱ्या वारीत जळते ती जेमतेम किलोभर चरबी, आणि तीही रोजच्यापेक्षा एक घासही जास्त न खाल्ल्यास!

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. उल्हासनगर ते बदलापूर रेल्वेमार्गाने सुमारे १० किलोमीटर. तेवढे चालल्यास या माणसाचे ३०० उष्मांक खर्ची पडतात. ८५ ग्रॅम ज्वारीच्या पिठात तेवढी ऊर्जा असते!

मग वारकरी वाळलेला का दिसतो? पहिल्या काही दिवसांत उतरते ते बहुतांशी पाणी. घाम जातोच, शिवाय यकृतात व स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साखर खर्चली की तेही जाते. पोटभर जेवण आणि विश्रांती मिळताच हे वजन परत येते.

पण अंगावर मुळातच मांस नसलेल्यांचे काय? आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिले नाही. कामासाठी पायपीट मात्र सर्वांनीच केली. अशी कष्टकरी माणसे अर्धपोटी चालली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते चटकन भरून येत नाहीत, आणि पुढे काम करायचे असते ते त्यांच्याच बळावर. "देह झिजवला" याचे आपल्याला कौतुक वाटते; वैद्यकाच्या दृष्टीने ती शक्तीची तूट असते.

वाटेवर गावोगावी होणारे अन्नदान म्हणूनच मोलाचे. घरच्या म्हाताऱ्या माणसाला वारीला धाडताना "सांभाळून जा" एवढेच न म्हणता "पोटभर जेवत जा" असेही आवर्जून सांगावे.