तापलेला धूर गाळायचा कसा?

नवी मुंबईतील करावे गावाच्या खाडीकाठी हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गावापासून थोडे उत्तरेकडे गेले की ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने लागतात. मोठ्या भट्ट्या आणि बॉयलर असले की धूर आला, आणि धुराबरोबर डोळ्यांना न दिसणारी धूळही आली. भट्टीतून निघतानाच धूर कित्येकदा ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असतो. तो गाळायचा कसा?

चहा गाळतो तसा कापडातून, असे तुम्ही म्हणाल. कारखान्यांत खरोखरच उंच कापडी पिशव्या टांगून त्यांतून धूर ओढतात. परंतु पॉलिएस्टरची पिशवी साधारण १३० अंशांपुढे टिकत नाही आणि काचतंतूंची पिशवी २६० अंशांच्या आसपास हात टेकते. म्हणून धूर आधी थंड करावा लागतो. त्यात उष्णता वाया जाते. शिवाय धूर फार निवला, तर त्यातील गंधकाच्या वायूंपासून बनलेले आम्ल दवासारखे साकळते आणि पिशवीबरोबर लोखंडही खाते.

यावर उपाय सिरॅमिकचा, म्हणजे आपल्या कपबशीच्या भाऊबंदांचा. ॲल्युमिना वितळायला २००० अंशांहून जास्त उष्णता लागते. मात्र कपबशीचा दुर्गुणही त्याच्यात आहेच: ते ठिसूळ असते. अमेरिकेत ओहायो राज्यातील टिड वीजकेंद्रात १९९०च्या दशकात सिलिकॉन कार्बाइडच्या पोकळ नळ्यांतून तप्त वायू गाळून पाहिला. नळ्यांमधल्या फटींत राख साचली, तिने नळ्यांना बाजूला रेटले आणि त्या मोडल्या.

आता एक गंमत पाहा. काचेची कांडी वाकत नाही, पण काचेचाच बारीक तंतू बोटाभोवती गुंडाळता येतो. पदार्थ तोच, फरक जाडीचा. एखादा पदार्थ हजारात एक भाग ताणला की तुटतो असे धरू. त्याची १ सेंटीमीटर जाडीची कांडी ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळापेक्षा जास्त वाकवता येणार नाही. जाडी ०.२ मायक्रॉन केली, तर तीच त्रिज्या ०.१ मिलिमीटर होते. ठिसूळ सिरॅमिकचे कापडासारखे मऊ पटल होऊ शकते ते यामुळे.

असे तंतू विजेच्या बळावर कातता येतात. ॲल्युमिनियमचा क्षार आणि चिकट बहुवारिक यांचे द्रावण सुईतून सोडतात आणि सुईला १५–२० हजार व्होल्टचा दाब देतात. टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून धार निघते आणि चाबकासारखी फटकारत बारीक होते. हे सूत भट्टीत तापवले की बहुवारिक जळून जाते आणि सिरॅमिक उरते.

हे तंतू धूळ पकडतात ते चाळणीप्रमाणे नव्हे. मोठा कण वेगामुळे वळू शकत नाही आणि तंतूवर आपटतो. अतिसूक्ष्म कण वायूच्या रेणूंचे धक्के खात नागमोडी भटकतो व तंतूला चिकटतो. निसटतो तो मधला, सुमारे ०.३ मायक्रॉनचा. त्याला गाठायला बारीक तंतूंचे दाट जाळे लागते.

मग हे फिल्टर सर्वत्र का दिसत नाहीत? हिशेब करून पाहा: ०.२ मायक्रॉन जाडीच्या ॲल्युमिना तंतूची लांबी एका ग्रॅममध्ये सुमारे ८,००० किलोमीटर भरते! एका सुईतून तासाला एखादा मिलिलिटर द्रावणच जाते. म्हणून चेक देशातील लिबेरेत्स येथील संशोधकांनी सुई काढून टाकली आणि द्रावणात बुडालेल्या फिरत्या दंडगोलावरून एकाच वेळी अनेक धारा काढल्या. जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’सारखे गरगर फिरवूनही तंतू निघतात.

दुसरी अडचण तापमानाची. फार काळ तापल्यावर तंतूतील स्फटिक वाढतात, बांबूच्या पेरांसारखे एकापुढे एक लागतात आणि तंतू पेरांवर तुटतो. थोडी सिलिका मिसळली, तर ही वाढ मंदावते.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. ३ मायक्रॉनपेक्षा बारीक व लांबट तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊ शकतात. ॲस्बेस्टॉसने माणसांचे काय केले ते आपण पाहिले आहे. फिल्टरमधूनच तंतू सुटू लागले, तर धूळ बरी म्हणायची वेळ येईल. म्हणून पातळ पटल जाड तंतूंच्या भक्कम नळीवर घट्ट बसवावे लागते.

प्रयोगशाळेत तळहाताएवढा तुकडा काही तास उत्तम चालतो. कारखानदार मात्र विचारतो: वर्षाचे ८,७६० तास, साचलेली धूळ झाडायला दर थोड्या वेळाने हवेचा जोरदार झोत मारला, तरी हे पटल टिकेल का?