खेळ सोडू नका, भार बदला

ऑगस्ट 2016. रिओ ऑलिम्पिकमध्ये महिला दुहेरीच्या पहिल्या फेरीत भारताच्या दोघी चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई या जोडीशी झुंजत होत्या. एक हैदराबादची सानिया मिर्झा आणि दुसरी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची प्रार्थना ठोंबरे. पहिला सेट टायब्रेकरवर चीनने घेतला, दुसरा भारताने 7-5 असा जिंकला आणि तिसरा 7-5 असा चीनकडे गेला. अडीच तासांहून अधिक चाललेला तो सामना भारताने गमावला. पण बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातली मुलगी ऑलिम्पिकच्या कोर्टवर पोहोचली होती. दोन वर्षांपूर्वी, 2014 मध्ये, याच जोडीने इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते.

प्रार्थनाची ओळख मुख्यतः दुहेरीची खेळाडू अशीच आहे. सानिया मात्र आधी एकेरीत नाव कमावून मग दुहेरीकडे वळली. हे वळण तिला तिच्या सांध्यांनी घ्यायला लावले आणि आरोग्याच्या दृष्टीने तिच्या कारकिर्दीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे.

2007 मध्ये सानिया एकेरीच्या जागतिक क्रमवारीत 27 व्या स्थानी होती. तिचा फोरहँड जोरदार. पण त्याच फटक्याचा ताण मनगटावर येतो. चेंडूला वेग आणि फिरकी देताना मनगट झटक्याने वळते, तेव्हा करंगळीच्या बाजूची कूर्चा, लिगामेंट आणि स्नायूंच्या दोऱ्या यांवर पुन्हा पुन्हा भार पडतो. 2008 मध्ये तिच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मनगटाच्याच दुखण्यामुळे तिला एकेरीचा सामना अर्धवट सोडावा लागला. केस विंचरणेही कठीण झाले होते, असे तिने नंतर सांगितले. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियाही झाल्या होत्या. अखेर 2013 मध्ये तिने एकेरी थांबवली आणि फक्त दुहेरी खेळायचे ठरवले.

अनेकांना ती माघार वाटली. प्रत्यक्षात तिचे सर्वांत मोठे यश त्यानंतरचे आहे. एप्रिल 2015 मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली. मार्टिना हिंगिसबरोबर तिने 2015 ची विम्बल्डन आणि अमेरिकन, तर 2016 ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली.

दुहेरीत शरीराला काय मिळते?

एकेरीचे कोर्ट 8.23 मीटर रुंद असते आणि ते एकटीने सांभाळायचे असते. दुहेरीचे कोर्ट 10.97 मीटर, पण ते दोघींत वाटले जाते. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला साधारण साडेपाच मीटर येतात. धावणे, एकदम थांबणे आणि उलट दिशेला वळणे कमी होते. गुडघ्याला खरा त्रास सरळ धावण्यापेक्षा या थांबण्या-वळण्याचा होतो. दुसरे म्हणजे सर्व्हिस. एकेरीत दर दुसऱ्या गेमला सर्व्हिस करावी लागते, दुहेरीत दर चौथ्या. खांद्यावरचा हा भार थेट निम्म्यावर येतो.

याचा अर्थ दुहेरी सोपी असते असा नाही. जाळ्याजवळ उभ्या असलेल्या खेळाडूकडे ताशी 100 किलोमीटर वेगाचा चेंडू 12 मीटरवरून आला, तर तिच्या हातात अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ असतो. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंतच सुमारे पाव सेकंद जातो. म्हणून समोरचीच्या खांद्यावरून, रॅकेटच्या कोनावरून फटका आधीच ओळखावा लागतो. ही ओळख अनुभवाने वाढते. पायांचा वेग वयाबरोबर कमी झाला, तरी नजर पक्की होत जाते. दुहेरीतली कारकीर्द लांबते ती यामुळेही.

सानियाचेच पुढचे पाहा. ऑक्टोबर 2018 मध्ये ती आई झाली. बाळंतपणानंतर सुमारे 26 किलो वजन कमी करून ती परतली आणि जानेवारी 2020 मध्ये होबार्टला युक्रेनच्या नादिया किचेनोकबरोबर तिने दुहेरीचे विजेतेपद मिळवले. लगेचच पोटरीच्या दुखापतीने ऑस्ट्रेलियन स्पर्धेतला सामना सोडावा लागला, तरी कारकीर्द थांबली नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, ती निवृत्त झाली. तिचा मिश्र दुहेरीतला जोडीदार रोहन बोपण्णा याने गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली असताना अय्यंगार योगाचा आधार घेतला आणि 2024 मध्ये, 43 व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पुरुष दुहेरी जिंकली.

लांज्याच्या मैदानावर

लांजा तालुक्यात टेनिसची रॅकेट फार थोड्या मुलींच्या हातात येते. इथे कबड्डी आणि खो-खो. पण गुडघा तोच असतो. एकदम वळण्याच्या खेळांत गुडघ्याचे पुढचे लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त आढळते. अशा वेळी घरी दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तेल लावून, पट्टी बांधून मुलीला पुढच्या सामन्यात उतरवले जाते. नाहीतर "आता खेळ पुरे" म्हणून तिचे मैदान कायमचे बंद होते. दोन्ही चूकच.

मुरगळल्यावर काही तासांतच गुडघा सुजला, चालताना तो दगा देतो किंवा मध्येच अडकतो असे वाटले, तर त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. ताज्या सुजेवर चोळू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे ठेवावा आणि पाय उंचावर घ्यावा. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर विशेष जपावे. तिथले लहान हाड मोडले असले तरी पहिल्या एक्स-रेमध्ये दिसतेच असे नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागते. ती टाळली, तर हाड न जुळता मनगट कायमचे दुखरे होऊ शकते.

हे खेळाडूंपुरतेच नाही. 'टेनिस एल्बो' नावाचे कोपराचे दुखणे असलेल्या बहुतेकांनी कधी टेनिस खेळलेले नसते. नारळ खवणे, कपडे पिळणे, कोयता चालवणे अशा पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामांतून ते येते. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आईचे मनगट अंगठ्याच्या बाजूने दुखू लागते. उपाय बऱ्याचदा तोच असतो: काही आठवडे त्या सांध्याचा भार कमी करायचा, काम घरात वाटून घ्यायचे आणि दुखणे उतरू लागले की व्यायामाने स्नायूंची ताकद हळूहळू वाढवायची. नुसत्या वेदनाशामक गोळ्या खाऊन तेच काम चालू ठेवले, तर दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

खेळणाऱ्या मुलीच्या बाबतीत प्रशिक्षक, पालक आणि डॉक्टर यांनी मिळून एकच प्रश्न विचारावा: हिचा भार कुठे आणि किती कमी करता येईल? जागा बदलेल, सराव बदलेल, कदाचित खेळही बदलेल. सानियाने एकेरी सोडली तेव्हा तिच्या पुढ्यात अजून दहा वर्षांची कारकीर्द होती. दुखऱ्या गुडघ्याच्या शाळकरी मुलीपुढे तर सारे आयुष्य आहे.