श्रेष्ठ खेळाडू कोणता?

सामना संपला की मुलांमध्ये एक वाद हटकून सुरू होतो : संघातील सर्वांत चांगला खेळाडू कोणता? जालना जिल्ह्यातील वाटूर असो वा मुंबई असो, जो तो आपल्या आवडत्या खेळाडूचे नाव पुढे करतो. परंतु केवळ आवडीने असा वाद मिटत नाही. त्यासाठी आकड्यांचे साहाय्य घ्यावे लागते, आणि त्या आकड्यांचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो.

सर्वांत सोपे माप म्हणजे बेरीज. सचिन तेंडुलकर यांनी १९८९ ते २०१३ या काळात २०० कसोटी सामन्यांत १५,९२१ धावा केल्या. सुनील गावसकर यांच्या १२५ सामन्यांत १०,१२२ धावा झाल्या. तथापि, ज्याला संधी अधिक, त्याची बेरीज साहजिकच मोठी. म्हणून फलंदाज जितक्या वेळा बाद झाला, त्या संख्येने त्याच्या धावांना भागून सरासरी काढतात. तेंडुलकर २९६ वेळा बाद झाले. त्यांची सरासरी ५३.७८ आहे. गावसकर १९८ वेळा बाद झाले. त्यांची सरासरी ५१.१२ आहे. बेरजेत फार मोठे दिसणारे अंतर येथे तीन धावांच्याही आत आले!

आता विनोद कांबळी यांचे आकडे पाहा. १७ कसोटी सामने, १,०८४ धावा, २० वेळा बाद. म्हणजे सरासरी ५४.२०. ती तेंडुलकरांहूनही किंचित अधिक आहे. मग त्यांना पहिला क्रमांक द्यावा काय? १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत त्यांनी २२४ व २२७ धावांचे पराक्रमी डाव खेळले. ते दोन डाव वगळले, तर त्यांची सरासरी ३५ च्या आसपास येते. तेंडुलकरांचे सर्वांत मोठे दोन डाव वगळले, तरी त्यांची सरासरी ५२ च्या खाली जात नाही. डाव थोडे असले म्हणजे एक-दोन मोठ्या खेळींनी सरासरी फुगते, हे यावरून ध्यानात येईल.

बास्केटबॉलमध्ये प्रश्न याहून अवघड असतो. चेंडू टोपलीत टाकणाऱ्याच्या नावावर गुण लागतात; प्रतिपक्षाला अडविणाऱ्याच्या नावावर ते लागत नाहीत. म्हणून खेळाडू मैदानात असताना दोन्ही संघांनी किती गुण मिळविले, याची नोंद ठेवतात. समजा, एक मुलगी खेळत असताना तिच्या संघाने ३० व प्रतिपक्षाने २२ गुण मिळविले. ती बाहेर बसली असताना संघाने १८ व प्रतिपक्षाने २६ मिळविले. तिचे स्वतःचे गुण केवळ ४ असले, तरी ती असताना संघ ८ गुणांनी सरस ठरला आणि नसताना ८ गुणांनी कमी पडला. अर्थात, हे श्रेय तिच्या चार सोबत्यांचेही असू शकेल. यासाठी अनेक सामन्यांत, निरनिराळ्या सोबत्यांबरोबर खेळतानाही हा फरक टिकतो काय, हे पाहून मगच तिचा क्रम ठरवितात.

वाटूरच्या मैदानावर कबड्डी वा खो-खो खेळणाऱ्या मुलांनाही ही रीत अवलंबिता येईल. खो-खोमध्ये कोण किती वेळ बाद न होता पळाला, हे प्रत्येक सामन्यात वहीत लिहून ठेवावे. दहा-बारा सामन्यांनंतर त्या वहीत एखाद्या अबोल खेळाडूचे नाव वर आलेले दिसेल. संघ निवडताना आजवर मागे राहिलेल्या त्या मुलाला मग न्याय मिळेल.