जाणता हात

नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने कोमट तिळाचे तेल अंगाला चोळावे आणि थंडीने आखडलेले अंग मोकळे व्हावे, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? आमच्या बडोद्यात तर मर्दनाची ही परंपरा माजघराप्रमाणेच आखाड्यातही जोपासली गेली. येथील प्रो. माणिकराव यांचा लौकिक व्यायामविद्येइतकाच हाडे बसविण्याच्या कौशल्यासाठीही होता. या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तिचे खरे मर्म मात्र पन्नाशी उलटल्यावरच उमगले.

शाळेच्या क्रीडामहोत्सवाच्या तयारीत आम्ही एकदा हौसेने मुलांबरोबर धावलो. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरणे कठीण झाले. शेजारच्या वृद्ध वस्तादांना बोलावणे धाडले. त्यांनी प्रथम तळहाताने पायाकडून वर, असा लांब व हलका हात फिरविला. स्नायू सैल पडल्यावर कणीक मळावी तसे ते मळले. आणि शेवटी पुन्हा हलका हात. हाडावर, सांध्यावर वा गुडघ्याच्या मागील खळगीत त्यांनी जोर दिला नाही. पंधरा मिनिटांत पुष्कळ आराम वाटला.

अशा वेळी 'स्नायूंत साचलेले आम्ल निघून जाते' असे सांगण्याचा प्रघात आहे. शास्त्र निराळे सांगते. श्रमाने निर्माण झालेले लॅक्टिक आम्ल तास-दीड तासात आपोआप ओसरते. सवय नसलेल्या श्रमाने स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि तिचे दुखणे एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते. कॅनडातील मॅक्मास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली ११ तरुणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामानंतर प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मालीश करून दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा मालीश केलेल्या पायात दाह वाढविणारे संकेत मंदावलेले आढळले. आम्लात मात्र फरक नव्हता. प्रयोग लहान, तरीही आजीच्या अनुभवाला त्याने थोडा आधार दिला. मालीशने वेदना काहीशी हलकी होते. इजा भरून काढण्याचे काम मात्र काळ, विश्रांती आणि हलकी हालचाल यांचेच.

काही महिन्यांनी आमच्या अक्का इंदूरहून रात्रभर बसने प्रवास करून आल्या. डावी पोटरी ठणकत होती. "प्रवासाने पाय आखडला, जरा चोळून घेते," असे म्हणून त्यांनी तेलाची वाटी मागितली. आम्हीच मोठ्या विश्वासाने वस्तादांना घेऊन आलो. त्यांनी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून न्याहाळल्या. डावी सुजली होती. हाताची पालथी बाजू लावून पाहिली, तर ती गरमही लागली. त्यांनी तेलाची वाटी दूर सारली आणि म्हणाले, "गुरुजी, हा पाय माझा नव्हे. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा."

खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, असे निदान झाले. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर प्राणावर बेतले असते, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा आमचे हातपाय गार पडले. ती पोटरी रगडण्याचा आग्रह आमचाच होता! औषधोपचारांनी अक्का बऱ्या झाल्या.

पुढे वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' ग्रंथ चाळताना ध्यानी आले, की दिनचर्येत नित्य अभ्यंग सांगणाऱ्या आचार्यांनी अजीर्ण झालेल्यास तो वर्ज्य म्हणून तेथेच बजावले आहे. विधी सांगणाऱ्याने निषेधही सांगावा, ही आपली जुनी शिस्त.

म्हणून वाचकहो, श्रमाने अंग दुखत असेल तर अवश्य तेल लावा. परंतु एकाच पायाला सूज व उष्णता, ताप, ताजी मुरगळ, हाड मोडल्याची शंका, त्वचेवर जखम वा संसर्ग असेल तर तेलाची बाटली बंदच ठेवा. छाती दुखून कळ हातात उतरत असेल तर चोळण्यात क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

वस्तादांनी त्या दिवशी अक्कांच्या पायाला तेलाचा थेंबही लावला नाही. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे मालीश आम्ही तेच मानतो.