'मागे घेणे' आणि 'मागे ढकलणे' : मोटारीचे मागचे ब्रेकपॅड बदलताना

आमच्या महाविद्यालयातून पंधराएक वर्षांपूर्वी मराठी घेऊन बी.ए. झालेला एक विद्यार्थी हुमनाबादजवळ, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यालगत गॅरेज चालवतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "सर, एका शब्दाचा अर्थ पाहिजे. पिस्टन मागं करा म्हणतंय. मी दाबलो, जोर लावून दाबलो, जाईनाच."

काम होते मागच्या चाकांचे ब्रेकपॅड बदलण्याचे. गाडी नव्या पद्धतीची, म्हणजे दोन आसनांच्या मध्ये ओढायचा दांडा नसलेली. बोटाने कळ दाबली की हँडब्रेक लागतो. त्याने इंग्रजीतल्या सूचना मोबाइलवर मराठीत करून घेतल्या होत्या. मी मूळ सूचना मागवून वाचल्या. त्यांत दोन निरनिराळी क्रियापदे होती, आणि भाषांतरात दोन्ही ठिकाणी 'मागे करा' एवढेच उतरले होते. सगळा घोटाळा तिथे होता. मोटारदुरुस्ती हा माझा विषय नव्हे. पण त्या दिवशी एका क्रियापदाने गाडी अडवली होती, आणि तो विषय माझा आहे. पुढचे यंत्रज्ञान मी त्याच्याच गॅरेजात, त्याच्या शेजारी बसून शिकलो.

आधी जुनी रचना पाहू. दांडा ओढला की लोखंडी तार ताणली जाते आणि ती मागच्या चाकांचे ब्रेक आवळते. हाताचा जोर तारेतून चाकापर्यंत जातो, म्हणून तो 'हँडब्रेक'. नव्या रचनेत तार नाही. मागच्या प्रत्येक चाकाच्या कॅलिपरला, म्हणजे तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या त्या चिमट्याला, एक छोटी विजेची मोटर बसवलेली असते. कॅलिपरात पिस्टन असतो, तो आतून पोकळ असतो. त्या पोकळीत आट्यांचा एक दांडा आणि त्यावर एक नट. कळ दाबली की मोटर दांडा फिरवते, नट पुढे सरकतो, पिस्टनला आतून रेटतो आणि पॅड तबकडीवर आवळले जातात. ताण पुरेसा झाला की मोटर थांबते. आट्यांची ठेवण अशी असते की उलट दाबाने नट मागे फिरत नाही. त्यामुळे वीज बंद झाली तरी गाडी उतारावर उभीच राहते. युरोपातल्या महागड्या गाड्यांत ही सोय २००१च्या सुमारास आली. आपल्याकडे २०२०च्या ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या प्रकारांत ती होती, आणि आता मधल्या किमतीच्या कितीतरी गाड्यांत असते. त्यामुळे रस्त्याकडेच्या गॅरेजांतही अशा गाड्या येऊ लागल्या आहेत.

पायाचा ब्रेक मात्र पूर्वीसारखाच तेलाच्या दाबावर चालतो. पिस्टन तोच, त्याला रेटणारे दोन : पाय दाबला की तेल, कळ दाबली की नट.

पॅड झिजत जातात तसा पिस्टन थोडा थोडा बाहेर येऊन बसतो, आणि नटही त्याच्या मागोमाग पुढे आलेला असतो. हँडब्रेक सोडला तर नट मागे जातो, पण चाक मोकळे होण्यापुरताच. नवा पॅड जाड. तो बसायला पिस्टन पूर्ण आत जायला हवा. आणि पाठीशी नट उभा असताना तो आत कसा जाणार? माझ्या विद्यार्थ्याने शिकंजा लावून जो जोर केला, तो सगळा त्या नटावर जात होता. आणखी थोडा केला असता तर आटे तरी गेले असते, नाहीतर मोटरीचे दाते. मग सबंध कॅलिपरच बदलावा लागतो.

म्हणून कामाला क्रम आहे. आधी मोटरीकडून नट मागे *घ्यायचा*. मग हाताने पिस्टन मागे *ढकलायचा*. पहिली क्रिया यंत्राची, दुसरी माणसाची. आमच्या गॅरेजात बोलल्या जाणाऱ्या तिन्ही भाषांत हा भेद शाबूत आहे. दखनीत 'पीछे लेना' वेगळे आणि 'पीछे ढकेलना' वेगळे; कन्नडमध्ये 'हिंदक्के तगो' वेगळे आणि 'हिंदक्के तळ्ळु' वेगळे. मराठीचे सांगायलाच नको. 'करा' या सर्वभक्षी क्रियापदाने तो गिळला, एवढेच. आपण शिक्षक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'करणे'चा अतिरेक पाहतो आणि शैलीचा दोष म्हणून एखादा गुण कापतो. इथे तो शैलीचा दोष नव्हता.

'मी दाबलो' या त्याच्या प्रयोगाकडेही लक्ष द्यावे. प्रमाण मराठीत 'मी पिस्टन दाबला'. क्रियापद कर्माच्या मागे जाते. बिदर-भालकी-आळंदकडे ते कर्त्याशी जुळते, 'मी काम केलो', 'मी पिस्टन दाबलो'. पुण्याच्या पाहुण्यांना हे खटकते. दुरुस्तीच्या सूचनेत कोण काय करतो हे ठळक ठेवणारा हा प्रयोग मला त्या दिवशी फार उपयोगी वाटला.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. ही जुनी रीत इथे अत्यावश्यक ठरते, कारण थोड्या वेळाने हँडब्रेक पूर्ण सुटणार आहे. ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडून पातळी पाहावी. पिस्टन आत गेला की तेल वर चढते, डबी काठोकाठ असेल तर थोडे काढून घ्यावे. हे तेल रंगावर सांडले तर रंग उडतो.

मग गाडीला 'दुरुस्ती-स्थिती'त न्यायचे. बहुतेक ठिकाणी स्टिअरिंगच्या खालच्या जोडणीत स्कॅनर लावून ही आज्ञा देतात. काही गाड्यांत पायाचा ब्रेक आणि हँडब्रेकची कळ ठरावीक क्रमाने धरून ठेवली तरी चालते. क्रम गाडीगणिक वेगळा असतो, तो त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. आज्ञा मिळाली की मागून दोन्ही मोटरींचा घर्रर्र आवाज येतो. नट मागे घेतला जात असल्याची ती खूण. बॅटरी अशक्त असेल तर हे अर्ध्यात थांबते. मोटरीच्या तारा काढून त्यांना थेट बॅटरीची वीज देणारेही मिस्त्री आहेत. नट मागे जातोही. पण किती गेला हे गाडीच्या संगणकाला कळत नाही, आणि वीज क्षणभर जास्त वेळ राहिली तर आतले भाग अडकतात. मी तरी माझ्या गाडीला हे करू देणार नाही.

यानंतर चावी खिशात. ही खबरदारी कोणी पुरेशी सांगत नाही. काही गाड्या इंजिन बंद होताच किंवा दार उघडताच हँडब्रेक आपोआप लावतात. कॅलिपर उघडा असताना कोणी सहज कळ दाबली आणि बोट मध्ये असेल, तर मोटर बोट आहे की पॅड आहे हे पाहत नाही. आमच्या गॅरेजातला दखनी बोलणारा पोरगा यासाठी "बटन दबाना नक्को" असे ओरडतो. दखनीने 'नको' मराठीकडून घेतला हे अभ्यासकांना ठाऊक आहे. तो इतक्या कामाच्या जागी ऐकून बरे वाटले.

चाक काढण्याआधी गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. कॅलिपरचे बोल्ट काढून तो तारेने वर बांधून ठेवावा; तेलाच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये. जुने पॅड निघाल्यावर दोन्ही शेजारी धरून पाहावेत. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मि.मी.च्या आसपास असतो, ३ मि.मी. उरला की बदलायची वेळ झाली. आतला आणि बाहेरचा सारखे झिजले नसतील तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या आहेत असे समजावे. आमच्या भागात हे फार दिसते. बिदरच्या पठाराची लाल धूळ आणि कलबुर्गीकडचा काळा चिखल पिनांच्या रबरी टोपणातून आत शिरतो. पिना पुसून त्यासाठीचेच ग्रीस लावावे, हाताशी असेल ते नव्हे. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

आता पिस्टन शिकंज्याने सावकाश, सरळ मागे ढकलावा. जुन्या तारेच्या हँडब्रेकच्या कित्येक कॅलिपरांत तो फिरवत आत न्यावा लागे. इथे फिरवायचा नाही, नुसता ढकलायचा. अडला तर जोर वाढवू नये, नट मागे गेला का ते पुन्हा पाहावे. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत आणि बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या ताणानेच आवळावेत.

पारिभाषिक शब्दांबद्दल थोडे. 'ब्रेक'ला 'गतिरोधक' म्हणावे असे एका सहकाऱ्याने सुचवले. पण गतिरोधक म्हटले की वाचकाला रस्त्यावरचा उंचवटा दिसतो. तो शब्द तिथे रुजला आहे, त्याला हलवू नये. पॅड, पिस्टन, कॅलिपर ही नामे उसनी राहिली म्हणून बिघडत नाही. गॅरेजातला पोरगा ती रोज हाताळतो. आवळणे, सोडणे, घेणे, ढकलणे, अडणे ही क्रियापदे मात्र आपली आणि नेमकी हवीत. त्या विद्यार्थ्याने गॅरेजच्या भिंतीवर खडूने 'आधी घे, मग ढकल' असे लिहिले आहे. खाली एका पोराने तेच कन्नडमध्ये लिहिले.

चाके बसल्यावर गाडी चालू करून लगेच निघू नये. पायाचा ब्रेक सावकाश, पुन्हा पुन्हा दाबावा. पहिल्या काही वेळा तो तळापर्यंत जातो, कारण पिस्टन अजून पॅडला टेकलेला नसतो. पाय घट्ट लागल्यावर स्कॅनरने दुरुस्ती-स्थिती बंद करावी, म्हणजे नट पुन्हा पुढे येऊन आपली जागा शोधतो. कळ दोन-तीनदा लावून-सोडून पाहावी, फलकावर इशाऱ्याचा दिवा राहिला नाही ना ते पाहावे आणि तेलाची पातळी शेवटची तपासावी. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हलके हलके आठ-दहा ब्रेक लावावेत, मध्ये तबकडी निवू द्यावी. नवे पॅड तबकडीवर बसेपर्यंत पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे.