चित्र तेच, पार्श्वभूमी निराळी

वर्गातील फळा काळा आणि खडू पांढरा असतो, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागील कारणाकडे सहसा आपले लक्ष जात नाही. त्याच खडूने चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर लिहिले, तर अक्षर असूनही दिसणार नाही. खडू तोच, हात तोच; बदलली ती केवळ मागची भूमी. हे साधे तत्त्व आज पुन्हा मांडण्याचे कारण असे की, अनेक शाळांत आता संगणक, टॅब्लेट व प्रोजेक्टर आले आहेत. शिक्षक पाठासाठी स्वतः चित्रे तयार करतात, मुलेही पडद्यावर चित्रे काढतात. कागदावर एकदा रंगविलेली पार्श्वभूमी बदलणे कठीण असते. पडद्यावर ती क्षणात बदलता येते. ही सोय जितकी उपयुक्त, तितकीच फसवी आहे.

प्रथम डिजिटल चित्राची रचना पाहू. असे चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म चौकोनी बिंदूंचे बनलेले असते. प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रमाणावरून ठरतो व ते प्रमाण सामान्यतः ० ते २५५ या अंकांनी दर्शवितात. तिन्ही ० असल्यास काळा, तिन्ही २५५ असल्यास पांढरा आणि तिन्ही १२८ असल्यास मधला राखी रंग दिसतो. क्रिटासारख्या विनामूल्य साधनात चित्र निरनिराळ्या थरांवर काढता येते. एकावर एक ठेवलेल्या काचांप्रमाणे हे थर असतात. सर्वांत खालच्या थरावर पार्श्वभूमी व वरच्या थरावर आकृती ठेवली, की आकृतीस धक्का न लावता पार्श्वभूमी बदलता येते.

आता एक प्रयोग करावा. पडद्याचा अर्धा भाग काळा व अर्धा पांढरा करावा आणि दोन्ही भागांच्या मध्यावर १२८ अंकाचा राखी चौकोन काढावा. काळ्यावरील चौकोन उजळ आणि पांढऱ्यावरील गडद भासेल. दोहोंचे अंक तपासले तर ते तंतोतंत सारखेच निघतील. ज्या शाळेत संगणक नाही, तेथे हाच प्रयोग काळ्या, पांढऱ्या व राखी कागदाच्या तुकड्यांनी तितकाच चांगला होतो. रंगांचेही असेच आहे. एकच नारिंगी तांबड्या भूमीवर पिवळसर, तर पिवळ्या भूमीवर तांबूस वाटतो. शेजारचा रंग आपल्यापासूनचा भेद वाढवून दाखवितो.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल यांनी केला. पॅरिसमधील गोब्लँ येथे भिंतीवर टांगावयाची चित्रमय वस्त्रे विणली जात. तेथील रंगविभागाचे ते १८२४ पासून प्रमुख होते. काळा रंग पुरेसा गडद दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती दोष रंगद्रव्यात नसून शेजारी विणलेल्या धाग्यांच्या रंगात आहे, असे त्यांना आढळले. हे विवेचन त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. डोळा प्रत्येक ठिकाणचा प्रकाश स्वतंत्रपणे मोजत नाही. तो शेजारच्या प्रकाशाशी तुलना करतो. प्रकाशाने उद्दीपित झालेल्या पेशी शेजारच्या पेशींचा प्रतिसाद कमी करतात, हे हार्टलाइन या शास्त्रज्ञाने एका समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखविले. दृष्टिविषयक कार्याबद्दल १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मनुष्याच्या पाहण्यात याखेरीज मेंदूचाही मोठा भाग असतो.

पार्श्वभूमीने आकारही बदलल्यासारखा वाटतो. काळ्या भूमीवरील पांढरा चौकोन, पांढऱ्या भूमीवरील तेवढ्याच काळ्या चौकोनाहून मोठा भासतो. अर्थही बदलतो. पिवळे वर्तुळ निळ्या भूमीवर सूर्य वाटते, काळ्यावर ठेवताच तोच चंद्र होतो. वारली चित्रकलेत तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा शेणाने वा गेरूने सारविलेल्या भिंतीवर उमटते. २०११ साली पद्मश्रीने गौरविले गेलेले जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारांनी ही कला कागदावर व कापडावर आणली, तेव्हाही ती मातकट भूमी त्यांनी सोबत आणली. मुलांना पडद्यावर वारली चित्र काढावयास सांगताना पांढऱ्या पानावर काळ्या रेषा काढू दिल्या, तर आकृत्या राहतील, पण त्या चित्रातील भिंत नाहीशी होईल.

आता वर्गातील व्यवहाराकडे वळू. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्या रंगाने काढलेला नकाशा शेवटच्या रांगेतील मुलास दिसत नाही, आणि ज्याची दृष्टी अधू आहे त्यास तर मुळीच नाही. असे मूल बहुधा तक्रार करीत नाही. ते गप्प बसते आणि आपण त्यास मंद समजतो. उजेडातील या भेदाचे माप गुणोत्तराने सांगतात. पांढऱ्यावर काळ्याचे ते २१ : १, काळ्यावर पिवळ्याचे सुमारे १९.५ : १, तर पांढऱ्यावर पिवळ्याचे जेमतेम १.०७ : १ भरते. संकेतस्थळांवरील सामान्य आकाराच्या मजकुरासाठी निदान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पाठाच्या चित्रांनाही तो लावण्यास हरकत नाही.

याखेरीज तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, प्रोजेक्टर काळा प्रकाश टाकू शकत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे प्रकाश न पडलेली भिंतच होय. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात ती राखीच दिसते, म्हणून तेथे फिकट भूमीवर गडद रेषा घ्यावी. दुसरी, पांढऱ्या भूमीवर काढलेली आकृती कापून गडद भूमीवर ठेवली, तर कडेस पांढरी किनार उरते. कारण कडेच्या बिंदूंत पांढरा रंग आधीच मिसळलेला असतो. यास्तव आकृती आरंभीच वेगळ्या पारदर्शक थरावर काढावी. तिसरी, पारदर्शक भूमी राखावयाची असेल तर चित्र पीएनजी प्रकारात साठवावे. जेपीजी प्रकारात पारदर्शकता टिकत नाही.

एखाद्या मुलाने पांढऱ्या पानावर पांढरे बगळे काढले, तर चित्र कोरे आहे असे म्हणून गुण कापण्यापूर्वी मागचा थर निळा करून पाहावा. बगळे दिसू लागले, तर मुलास काढता येत नव्हते असे नाही. भूमी कशी निवडावी एवढेच शिकविणे राहिले होते, आणि ते शिकविणे आपले काम आहे. शिक्षकांनी वर सांगितलेला राखी चौकोनाचा प्रयोग वर्गात अवश्य करावा आणि आपल्या पाठाची निदान दोन चित्रे शेवटच्या रांगेत स्वतः बसून तपासावीत.