थरथरत्या हवेतून मृगातील तेजोमेघ

वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना रात्रीचे जागरण नवीन नाही. परंतु रुग्ण तपासून घरी परतताना क्षणभर थांबून आकाशाकडे पाहणारे आपल्यात थोडेच. गेले काही हिवाळे मी इंदूरमधील आमच्या घराच्या गच्चीवरून, ८० मिलीमीटर व्यासाच्या एका लहान दुर्बिणीने, मृग नक्षत्रातील तेजोमेघाची छायाचित्रे घेत आहे. संपादक मंडळाने त्यांपैकी एक छायाचित्र या स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी मागितले. मी ते आनंदाने दिले आणि आठवड्याभरात परत मागून घेतले. असे का केले, हे सांगण्याच्या निमित्ताने या छंदाचे शास्त्र वाचकांपुढे मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

तेजोमेघ म्हणजे काय?

मृग नक्षत्र आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. मृगाच्या चार पायांचे चार ठळक तारे आणि मधोमध त्याच्या पोटात शिरलेला तीन ताऱ्यांचा बाण. या बाणाच्या दक्षिणेस फिकट ताऱ्यांची एक लहानशी ओळ दिसते. तिच्या मध्यभागीचा ‘तारा’ नीट निरखून पाहिल्यास किंचित धूसर वाटतो. तोच मृगातील महान तेजोमेघ. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीतील त्याचे नाव एम ४२. तो आपल्यापासून सुमारे १,३४० प्रकाशवर्षे दूर आहे. आज आपल्या कॅमेऱ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

तेजोमेघ म्हणजे वायू आणि धूळ यांचा प्रचंड ढग. त्याच्या गाभ्यात ‘ट्रॅपेझियम’ नावाचा चार तरुण ताऱ्यांचा पुंजका आहे. त्यांतील सर्वांत तप्त ताऱ्याच्या अतिनील किरणांमुळे भोवतालच्या हायड्रोजनचे आयनीभवन होते, आणि इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परतताना ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला हिरवट प्रकाश देतो. ही हिरवी रेषा एकोणिसाव्या शतकात कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ असे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले होते. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ती ऑक्सिजनचीच असल्याचे दाखवून दिले.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. चित्रात तांबडा दिसणारा तेजोमेघ दुर्बिणीतून पाहताना राखाडी-हिरवट का दिसतो? उत्तर आपल्याच शास्त्रात आहे. मंद प्रकाशात नेत्रपटलावरील शंकुपेशी निष्प्रभ होतात आणि दंडपेशी काम करू लागतात. दंडपेशींना रंग कळत नाहीत. त्यांची संवेदनक्षमता ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, आणि खोल तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ अंध असतात. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही; कॅमेरा साठवतो. छायाचित्रणाचे सारे सामर्थ्य या एका फरकात आहे.

एका डॉक्टरचा वारसा

तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेणारा माणूस वैद्यकीय पदवीधर होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. हेन्री ड्रेपर यांचा जन्म १८३७ चा. न्यूयॉर्क विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण त्यांनी इतक्या लवकर संपवले, की पदवी मिळण्याइतके त्यांचे वयच झाले नव्हते. तो मोकळा काळ त्यांनी युरोपात घालवला. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांची अजस्र दुर्बीण पाहिली आणि आयुष्याला दुसरी दिशा मिळाली. परतल्यावर त्यांनी बेलव्ह्यू रुग्णालयात काम केले, पुढे विद्यापीठात अध्यापनही केले. रात्री मात्र हडसन नदीकाठच्या हेस्टिंग्ज येथील स्वतःच्या वेधशाळेत घालवल्या.

३० सप्टेंबर १८८० च्या रात्री ११ इंची दुर्बिणीतून, ५१ मिनिटे काच उघडी ठेवून, त्यांनी मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. मार्च १८८२ मध्ये त्यांनी हा काळ १३७ मिनिटांपर्यंत नेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुप्फुसावरणाच्या दाहाने, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी लंडनच्या उपनगरातील ईलिंग येथे घराच्या बागेतून ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने याच तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले, की डोळ्यांना न दिसणारे तारेही त्यात उमटले. कॉमन हे पेशाने आरोग्य-अभियंता, म्हणजे सांडपाण्याच्या व्यवस्थेतील जाणकार. दोघेही आपापला व्यवसाय असलेली माणसे, आणि त्यांपैकी एकाचे आकाश तर लंडनच्या धुराचे. आपल्या शहराच्या आकाशाविषयी तक्रार करताना मी ईलिंगची ती बाग आठवतो.

हवेचे दोन दोष

वातावरण आपल्याला दोन निरनिराळ्या प्रकारे छळते. पहिला दोष अपारदर्शकतेचा. धूळ, धूर, बाष्प आणि दिव्यांचा परावर्तित उजेड यांमुळे आकाशाची पार्श्वभूमी उजळते आणि तेजोमेघाच्या फिकट कडा त्यात बुडून जातात. दुसरा दोष अस्थिरतेचा. हवेच्या थंड व उष्ण थरांचा वक्रीभवनांक वेगळा असतो. ते थर एकमेकांत मिसळत असताना प्रकाशाची वाट क्षणोक्षणी बदलते. ताऱ्याचे लुकलुकणे कवींना प्रिय आहे. छायाचित्रकाराला तो हवेचा कंप वाटतो.

हे दोन दोष एकाच वेळी असतात असे नाही, आणि नवशिक्याची फसगत नेमकी येथेच होते. पाऊस पडून गेल्यावर आकाश काचेसारखे स्वच्छ दिसते, परंतु वारा असेल तर तारे थरथरत असतात. उलट किंचित धूसर, निवांत रात्री प्रतिमा आश्चर्यकारक स्थिर मिळते. विस्तीर्ण, फिकट तेजोमेघासाठी पारदर्शकता अधिक मोलाची. ट्रॅपेझियमचे चार तारे वेगळे दिसण्यासाठी स्थिरता हवी.

परिमाण लक्षात यावे म्हणून काही आकडे देतो. चंद्राचे बिंब सुमारे ३१ कला रुंद दिसते. तेजोमेघाचा विस्तार त्याच्या दुप्पट, म्हणजे एक अंशाहून किंचित अधिक आहे. २०० मिलीमीटरची दुर्बीण तत्त्वतः अर्ध्या विकलेच्या आसपासचा तपशील दाखवू शकते. परंतु साध्या गच्चीवरून हवा ताऱ्याचा बिंदू दोन ते चार विकला इतका फुगवते. म्हणजे मोठ्या दुर्बिणीची तीक्ष्णता हवाच खाऊन टाकते. माझ्या साधनांत सेन्सरच्या एका पिक्सेलवर सुमारे १.८५ विकला येतात. आपल्या हवेच्या मानाने हे माप योग्य आहे. याहून बारीक मापाने केवळ धूसरपणाच मोठा करून पाहता आला असता.

न्यूटनने १७०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात यावर उपाय म्हणून उंच पर्वतशिखरांवरील शांत हवा सुचवली होती. लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर उभी असलेली आपली हिमालयीन चंद्रा दुर्बीण हा त्याच विचाराचा वारसा. दुसरा उपाय होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडला : हवेने केलेली विकृती मोजावी आणि आरशाचा आकार त्याच क्षणी उलट दिशेने बदलून ती पुसून टाकावी. आपल्या नेत्रतज्ज्ञ मित्रांना हे तंत्र परिचयाचे असेल, कारण १९९७ पासून त्याच्याच आधारे जिवंत डोळ्यातील एकेक शंकुपेशी पाहता येऊ लागली आहे.

गच्चीवरचे उपाय

आपल्याकडे पर्वत नाही आणि बदलता आरसाही नाही. तरीही पुष्कळ काही करता येते. पहिली गोष्ट, तेजोमेघ आकाशात सर्वांत उंच असेल ती वेळ साधावी. क्षितिजापासून ३० अंशांवर असलेल्या वस्तूचा प्रकाश माथ्यावरच्या वस्तूच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो. इंदूरहून हा तेजोमेघ सुमारे ६२ अंशांपर्यंत चढतो. जानेवारीच्या मध्यास हे रात्री साडेदहाच्या सुमारास घडते. दुसरी गोष्ट, गच्चीचा स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री परत देत असतो. म्हणून शक्य असेल तर दुर्बीण अंगणातील गवतावर मांडावी. दुर्बीणही तासभर आधी बाहेर ठेवून थंड होऊ द्यावी. तिसरी गोष्ट, तापमान उतरते तशी दुर्बिणीची नळी आकुंचन पावते व प्रतिमा अस्पष्ट होते. म्हणून दर तासाला फोकस पुन्हा तपासावा.

पृथ्वीच्या भ्रमणामुळे तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतात. म्हणून दुर्बिणीचे आसन ध्रुवाकडे नीट रोखून मोटरने फिरवावे लागते. ड्रेपर यांनी एकच काच ५१ मिनिटे उघडी ठेवली होती. आपण ३० सेकंदांची १०० चित्रे घेतो : एकूण ५० मिनिटे, त्यांच्याहून एकच मिनिट कमी! ज्या चित्रात वाऱ्याचा झोत आला, उपग्रहाची रेघ उमटली किंवा हवा विशेष खवळली, ते चित्र बाजूला काढता येते. ड्रेपर यांना ही सवलत नव्हती.

उरलेली चित्रे संगणकावर एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतात. श्रवणचेतेची बेरा तपासणी करताना आपण हेच करतो. एका ध्वनीला मेंदूने दिलेला प्रतिसाद इतर विद्युत्-गोंगाटात हरवलेला असतो. हजारो प्रतिसादांची सरासरी काढली की तो वर येतो. खरा संकेत चित्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, गोंगाट मात्र तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून १०० चित्रांनी दहापट सुधारणा होते. ती वीसपट हवी तर ४०० चित्रे लागतात. धीराला पर्याय नाही, तो असा. याशिवाय झाकण लावून घेतलेली काळी चित्रे सेन्सरचे स्वतःचे दोष वजा करण्यास, आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाची चित्रे धुळीचे डाग व कडांचा काळोख काढण्यास उपयोगी पडतात. ट्रॅपेझियमचा भाग फार तेजस्वी असल्याने तो पांढरा पडतो. त्यासाठी काही सेकंदांची वेगळी चित्रे घेऊन जोडावी लागतात.

मुखपृष्ठ परत का घेतले?

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माझ्या चित्रात गाभ्याचा भाग हवेमुळे मऊ, पसरट आला होता. चित्र तीक्ष्ण करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक नवे साधन मी त्यावर चालवले. क्षणात तारे टाचणीच्या टोकाइतके झाले आणि ट्रॅपेझियमजवळ दोन नाजूक तंतू प्रकटले, रक्तवाहिन्यांसारखे सुरेख. तेच चित्र मी संपादकांना दिले.

नंतर ते आमच्या एका क्ष-किरणतज्ज्ञ मित्रांना दाखवले. त्यांनी चष्मा सरकवून बराच वेळ पाहिले आणि शांतपणे विचारले, “डॉक्टर, ही रेषा दुसऱ्या फिल्मवर आहे का?”

प्रश्न साधा होता, पण मला रात्रभर झोप लागली नाही. एका फिल्मवरील सावलीवरून आपण निदान पक्के करत नाही. दुसऱ्या कोनातूनही ती दिसते का, हे पाहतो. दुसऱ्या दिवशी मी १०० चित्रांचे सम आणि विषम असे दोन गट केले व प्रत्येक गट स्वतंत्रपणे रचला. तेजोमेघाचे पंख, मधली काळी खाच, चारही तारे दोन्हींत सारखेच होते. तंतू मात्र फक्त सम गटात होते. पुढच्या स्वच्छ रात्री कॅमेरा काटकोनात फिरवून पुन्हा चित्रे घेतली, कारण सेन्सरचा कायमचा दोष असेल तर तो दोन्ही गटांत सारखाच उमटला असता. या वेळी तंतू कोठेच नव्हते. साधनाने गोंगाटाच्या काही कणांना रचनेचे रूप दिले होते. आणि ते सुंदर असल्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवला होता.

हवेने जे पुसून टाकले, ते कोणतीही प्रक्रिया खात्रीने परत आणू शकत नाही. असलेला संकेत उजळ करणे हे संस्करण. नसलेला संकेत रेखाटणे ही बनावट. या दोहोंमधील सीमा दरवेळी डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती कसोटीने शोधावी लागते. आपल्याही व्यवसायात आता क्ष-किरणचित्रे आणि एमआरआय यांवर अशाच प्रक्रिया होऊ लागल्या आहेत. आकाशातला खोटा तंतू कोणाचे नुकसान करत नाही; रुग्णाच्या चित्रातला मात्र एखाद्याला शस्त्रक्रियेच्या मेजावर नेऊ शकतो, किंवा न्यायला हवे त्याला घरी पाठवू शकतो.

संपादक मंडळाला मी त्याच ५० मिनिटांचे, कृत्रिम तीक्ष्णता न दिलेले चित्र पुन्हा दिले आहे. ते किंचित धूसर आहे. त्यातला धूसरपणा आपल्या माळव्याच्या हवेचा आहे, आणि उरलेले सारे तेजोमेघाचे. येत्या जानेवारीत एखाद्या अमावास्येच्या आसपास ज्यांना ते प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी अवश्य गच्चीवर यावे. गरम कपडे आणावेत, आणि अंधाराला डोळे सरावण्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा.